उठताना सोडायचा श्वास

लघवीची नळी काढली त्या दिवशी मला वाटलं, सुटलो एकदाचा. नागपूरच्या डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं की प्रोस्टेट पूर्ण निघालं आहे, गाठ पसरलेली नव्हती, आता घाबरायचं कारण नाही. थोडे दिवस लघवीवर ताबा राहणार नाही, मग हळूहळू येईल. थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायचं राहूनच गेलं. गोंदिया सोडून बालाघाटच्या रस्त्याला लागलो आणि गाडीने एक गचका खाल्ला. काय झालं ते कळायच्या आत सीट ओली झाली होती. शेजारी बसलेल्या बायकोने आपली शाल काढून माझ्या मांडीवर टाकली. मी घर येईपर्यंत खिडकीतून धानाच्या बांध्या बघत बसलो.

जन्मभर मी मॅंगनीजच्या खाणीत हजेरीबाबू होतो. पण आमच्या वॉर्डात आणि आसपासच्या गावांत मला ओळखतात ते लग्न लावणारा म्हणून. आमच्या बौद्ध समाजात लग्नाला भटजी नसतो. समाजातलाच कोणी जाणता माणूस पांढरे कपडे घालून उभा राहतो, मेणबत्ती लावतो, सगळ्यांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतो, नवरा-नवरीला प्रतिज्ञा देतो आणि शेवटी मंगलगाथा म्हणतो. हे काम मी नोकरीत असल्यापासून करत आलो. लांजीकडच्या खेड्यांत मोटरसायकलने गेलो, बैहरच्या घाटात जीपच्या मागे लटकून गेलो. माझा आवाज चांगला होता आणि दम त्याहून चांगला. गाथेची ओळ मी एका श्वासात ओढायचो, मध्ये कुठे तोडायचो नाही. लोक म्हणायचे, बाबूजीचा दम पाहा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आणि आमच्याकडे शुभकार्याला पांढरे कपडे. लग्न लावणाऱ्याला तर दुसरा रंगच नाही. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, तोही धुवून नीळ दिलेला. आधी गुडघे टेकून, दोन्ही हात आणि कपाळ जमिनीला लावून वंदन करायचं, मग उठून उभं राहायचं, आणि हे एकदा नाही. माझी गत अशी झाली होती की खोकलो की गळती, खुर्चीतून उठलो की गळती, हसू आलं तरी गळती. हसू फारसं येत नव्हतं हा त्यातला फायदा.

माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तिकडे तुमसरला मुलगा, दोघंही नोकरीवाले. माझ्या आजारपणामुळे तारीख एकदा पुढे ढकलली होती, आता आणखी ढकलता येत नव्हती. ऑपरेशनच्या आधीच मुलीने सांगून ठेवलं होतं, "बाबा, जगभराचे लग्न लावले तुमी. माझं दुसऱ्या कोणी लावलं तर मी मंडपात येणार नाही." तेव्हा मी हसून हौ म्हटलं होतं. आता ती रोज फोनवर तब्येत विचारायची आणि शेवटी थोडा वेळ थांबायची. ती थांबायची कशासाठी हे मला कळत होतं. मी आपला हवापाण्याच्या गोष्टी करून फोन बायकोच्या हातात द्यायचो.

पॅड लावून उभं राहायला काय हरकत आहे, असं कोणी म्हणेल. मीही तसंच म्हणून पाहिलं. आरशासमोर पांढरा पायजमा घातला, गुडघ्यावर बसलो, कपाळ टेकलं आणि उठलो. पॅड सरकलं होतं, आणि आत काय घातलंय ते मागून कोणालाही दिसलं असतं. पायजमा बादलीत टाकला आणि पलंगावर आडवा झालो. त्या दिवसांत मला फार थकवा यायचा. शरीराचा होताच, पण त्याहून जास्त होता सतत स्वतःवर पहारा ठेवण्याचा. पाणी किती प्यायलो, संडास कुठे आहे, पिशवीत दुसरी चड्डी आहे का, वास तर येत नाही ना. मी चहा सोडला. विहारात जाणं सोडलं. पॅड घ्यायला आपल्या वॉर्डातलं मेडिकल सोडून बसस्टँडकडच्या दुकानात जायचो, आणि तिथेही आधी सर्दीची गोळी मागायचो.

तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी फिजिओथेरपी करायला सांगितलं. बालाघाटलाच एक दवाखाना निघाला, वरच्या मजल्यावर. बाहेर बाकावर खांदे धरलेले, गुडघे सुजलेले लोक बसले होते. त्यांचं दुखणं दिसत होतं, सांगता येत होतं. एकाने मला विचारलं, "आपको क्या हुआ?" मी म्हटलं, कंबर. आत डॉक्टर म्हणून एक जबलपूरकडची तरुण मुलगी होती, माझ्या मुलीच्याच वयाची. पडदा ओढून तिने सगळं विचारलं, जराही न लाजता. लाजायचं काम मी एकट्यानेच केलं.

तिने कागदावर चित्र काढून समजावलं. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. वर फुप्फुसांच्या खाली एक पडदा असतो. श्वास आत घेतला की तो पडदा खाली येतो, पोट पुढे येतं, आणि तळाची झोळीही सैल होऊन खाली येते. श्वास सोडला की दोन्ही वर जातात. "तो जब सांस छोड़ोगे काकाजी, तब झोली को ऊपर खींचना है. जैसे पेशाब बीच में रोकते हैं वैसे. और सांस लेते वक्त ढीला छोड़ना है. सांस रोकनी बिलकुल नहीं." आधी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, एक हात पोटावर ठेवून करायचं. मग बसून. मग उठता-बसताना.

मी मान हलवत होतो, पण मनात म्हणत होतो, पोरी, तू मला श्वास शिकवणार? मी ध्यानाची शिबिरं केलेला माणूस. आनापान मला नोकरीच्या दिवसांपासून ठाऊक. नाकपुडीच्या टोकाशी लक्ष ठेवायचं, श्वास येतो, श्वास जातो, जसा आहे तसा बघायचा. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. त्यात हात घालायचा नाही, ही तर पहिली शिकवण. श्वासाला ओढायचं, सोडायचं, त्याच्या जोडीला खालून काही वर खेचायचं, हे मला नवशिक्यांचं काम वाटलं. आपल्याकडे मूळ विद्या आहे, तिची ही फांदी असणार, असं मी स्वतःला पटवलं. चित्राचा कागद घडी करून खिशात ठेवला तो पायजम्याबरोबर धुतला गेला.

घरी येऊन मी सकाळ-संध्याकाळ मांडी घालून, पाठ ताठ करून, डोळे मिटून बसायला लागलो. मनापासून बसायचो. बायको दारातून बघायची. एकदा तिने विचारलं, "हेच करा म्हनलं का त्या डॉक्टरनीनं?"

"हौ."

"नुसतं बसाचं?"

"नुसतं नाई. श्वास पाहाचा."

ती आत गेली. महिना गेला, वर थोडे दिवस गेले. मन शांत झालं म्हणायला हरकत नाही, पण पायजमा पूर्वीसारखाच ओला. मला त्या मुलीचा राग यायला लागला. पैसे घेते, चित्रं काढते, आणि फरक पाहावा तर शून्य. लग्न जवळ येत होतं. किरनापूरच्या एका गृहस्थाला विचारून ठेवावं असं मेहुण्याने सुचवलं. तो माणूस भला आहे, पण माईक हातात आला की भाषण करतो आणि नवरी ताटकळत उभी राहते. माझ्या मुलीचं लग्न तो लावणार, या विचाराने मला खोकला आला, आणि खोकल्याबरोबर पायजमाही बदलावा लागला.

भांडायच्या तयारीनेच मी पुन्हा तो जिना चढलो. त्या डॉक्टर मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करके दिखाओ." मी तिच्या त्या उंच पलंगावर मांडी घातली, डोळे मिटले आणि सुरू झालो. बराच वेळ ती समोर उभी होती. मला वाटलं, बघतेय, शिकतेय.

"काकाजी," ती शेवटी म्हणाली, "आप कर क्या रहे हो?"

"सांस देख रहा हूँ."

"और नीचे?"

"नीचे क्या?"

तिने कपाळाला हात लावला. हसली असती तर मी उठून निघून गेलो असतो, पण ती हसली नाही. तिने मला पलंगावरून उतरून खुर्चीत बसायला आणि परत उभं राहायला लावलं. मी उभा राहिलो. पुन्हा बसा म्हणाली, पुन्हा उठा म्हणाली. मग म्हणाली की उठताना तुम्ही श्वास कोंडता, गाल फुगवता, पोट दगडासारखं करता, आणि सगळा जोर खाली झोळीवर येतो. ध्यान सकाळी करा, चांगलं आहे, माझी आईही करते. पण झोळी झोपलेली आहे, तिच्याकडे नुसतं बघून ती जागी होणार नाही. तिच्याकडून काम करून घ्यायला लागेल.

मी चिडलो होतो, आणि त्याहून जास्त शरमलो होतो. सगळा आटापिटा केला तो चुकीच्या जागी. घरी आल्यावर मी सरळ चटई टाकून आडवा झालो, गुडघे उभे केले, हात पोटावर ठेवला. श्वास घेतला, पोट वर आलं. श्वास सोडला, आणि तळाशी काहीतरी वर ओढायला गेलो तर ढुंगण आवळलं गेलं. मांड्या आवळल्या गेल्या. दात आवळले गेले. जे आवळायचं तेवढं सोडून सगळं आवळलं. तसाच पडून राहिलो आणि छताच्या पंख्याला शिव्या घातल्या.

या व्यायामाचं कौतुक करायला कोणी येत नाही. दंड-बैठका काढल्या तर घाम दिसतो. इथे बाहेरून माणूस झोपलेला दिसतो. शेजारचा येऊन विचारायचा, "बाबूजी, तब्येत जास्त खराब हाय का?" मी म्हणायचो, कसरत करून राह्यलो. तो बायकोकडे बघायचा. पण हळूहळू ती जागा मला सापडली. इतकी बारीक हालचाल की नेमकी झाली की नाही याचीच शंका यावी. श्वास सोडताना ती वर यायची आणि घेताना सुटायची. सुटणं हेही शिकावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मी दिवसभर आवळून बसायचो, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळं थकून जायचं आणि संध्याकाळीच जास्त गळायचं.

डॉक्टर मुलीने मला गाथाही म्हणायला लावली. दवाखान्यात, पडद्यामागे, खालच्या आवाजात. माझी ती एका दमातली लांब ओळ ऐकून म्हणाली, शेवटी शेवटी तुम्ही पोट ढकलून हवा काढता, तिथेच गडबड होते. मध्ये श्वास घ्या. मी म्हटलं, मध्ये श्वास घेतला तर ओळ तुटते. ती म्हणाली, टूटने दो. माझ्या त्या दमावर लोकांनी आयुष्यभर माना डोलावल्या होत्या. तो असा सोडून द्यायचा म्हणजे मला वाईट वाटलं, आणि घरी येऊन मी तसं बायकोला सांगितलंही.

बायको तेव्हा जमिनीवर बसून लाखोरीची पालेभाजी निवडत होती. उठताना तिने गुडघ्यावर हात ठेवला, ओठ घट्ट मिटले आणि एका झटक्यात उभी राहिली. नवीन शिकलेल्या माणसाला धीर नसतो. मी लगेच म्हटलं, "असं नाई. श्वास सोडत उठ. दम कोंडला का सारा जोर खाली येते."

"मले माहीत हाय काय होते ते."

"तुले काय होते?"

ती वाकून भाजीचे देठ गोळा करत म्हणाली, "तेच. तुमाले आता होऊन राह्यलं. मले ह्या पोरीच्या बाळंतपणापासून हाय."

ज्या पोरीचं लग्न होतं, तिच्याच बाळंतपणापासून. म्हणजे पोरीच्या वयाइतकी वर्षं. विहारात ही नेहमी दाराजवळ का बसायची, माझ्याबरोबर बैहरला जीपमधून यायला का नाही म्हणायची, घराबाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून पाणी का प्यायची नाही, पांढऱ्या साडीच्या आत जाड परकर उन्हाळ्यातही का, हे सगळं मला एका दमात आठवलं. ही जरा आळशीच आहे, धम्मात हिचं मन नाही, असं मी चारचौघांत बोललो होतो. मला आधी तिचा राग आला, सांगितलं का नाही म्हणून. मग, मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, हेही कळलं.

"काहून सांगतलं नाई?"

"काय सांगाचं होतं? साऱ्याच बायकांले असते. माया मायलेबी होतं."

"चाल, उद्या तुलेबी नेतो त्या पोरीकडे."

ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "मले काई लग्न लावाचं हाय काय?"

त्या रात्री मी जेवलो नाही. मला ठसका नव्हता, काही नव्हतं, नुसतं जेवण जात नव्हतं. माझ्यासाठी नागपूर झालं, गाडी झाली, जबलपूरची डॉक्टरीण झाली, सगळं घर माझ्या पायजम्याभोवती फिरलं. तिने आपलं आपण निस्तरलं आणि माझेही पायजमे धुतले. मी पुन्हा दोनदा तिला चल म्हटलं. एकदा म्हणाली लग्नानंतर पाहू, एकदा बादली उचलून मोरीकडे गेली.

लग्नापर्यंत मी पूर्ण बरा झालो नाही. अर्धा झालो म्हणा. खुर्चीतून उठताना जमायला लागलं, जमिनीवरून उठताना कधी जमायचं, कधी नाही. मुलीला मी फोनवर सांगितलं, मीच लावतो. ती फोनवर रडली. मेहुणा म्हणाला, किरनापूरवाल्याला तयार तर ठेवू. मी म्हटलं ठेव.

मंडपात खूप लोक होते, लांजीकडचे, तुमसरचे, नागपूरचेही. समोर पांढरी चादर अंथरलेली. सकाळपासून मी बेताने पाणी प्यायलो होतो, आत जाड पॅड होतं, आणि सदरा मुद्दाम गुडघ्यापर्यंत लांब शिवून घेतला होता. मुलगी पांढऱ्या साडीत समोर आली तेव्हा मला एकदम भरून आलं. मी श्वास घेतला, पोट पुढे येऊ दिलं, मग सोडला. मेणबत्ती लागली. मी माईकवर सांगितलं की सगळ्यांनी गुडघ्यावर बसून वंदन करावं. नवरा-नवरी, दोन्हीकडचे आईबाप, पुढे बसलेले पाहुणे, सगळे वाकले. मीही वाकलो. कपाळ चादरीला लागलं.

उठायच्या वेळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "घाई करू नका. आधी श्वास घ्या, मग श्वास सोडत सोडत उठा." हे कोणत्याही विधीत नाही. तुमसरच्या मंडळींना वाटलं असेल की बालाघाटकडे असंच करतात. मुलीच्या मागे तिची आई गुडघ्यावर होती. माझं सगळं लक्ष तिच्याकडे. तिने डोकं वर केलं, माझ्याकडे न बघता ओठ थोडे उघडले, फुंकर मारल्यासारखा श्वास सोडला आणि सावकाश उभी राहिली. हात गुडघ्यावर नव्हता.

ते बघण्याच्या नादात मी स्वतः जुन्या सवयीने दम कोंडून एका झटक्यात उठलो. उठताक्षणीच कळलं. थोडंथोडकं नव्हतं. पॅडने धरलं की बाहेर आलं हे मला समजत नव्हतं, आणि तेवढ्या लोकांसमोर खाली बघणं शक्य नव्हतं. माईक हातात धरून मी तसाच उभा राहिलो. किरनापूरचे गृहस्थ पहिल्या रांगेत होते.

बायको माझ्याकडे बघत होती. तिची नजर एकदा खाली गेली, पायजम्यावर, बाजूला, परत वर आली. मग तिने जरा मान हलवली. काही नाही, दिसत नाही. इतकी सहज की शेजारी उभ्या असलेल्या व्याह्यांनाही कळलं नसेल. अशा किती मंडपांत ती उभी असेल आणि तिला असं सांगायला कोणी नसेल. लोक वाट बघत होते. मी श्वास घेतला आणि त्रिशरण सुरू केलं, ओळ मध्येच तोडून, पुन्हा श्वास घेऊन.